अकरा पत्रं जमलीत, पण जे कामाचं आहे ते अजून मागितलंच नाहीये

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून, ओळख पटेल असे तपशील काढून):

नमस्कार ताई, मी मूळची सांगलीकडची. इंग्लंडमध्ये मिडलंड्समधल्या एका हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डवर बँड ५ (सुरुवातीच्या पगारश्रेणीतली) नर्स होते. एका नाईटला स्टाफ कमी होता, तीन पेशंट्सचे रात्री दोनचे ऑब्स (नाडी, बीपी, श्वास वगैरेची तपासणी) राहिले आणि पहाटे मी चार्टवर अंदाजाने आकडे भरले. सकाळी डे स्टाफने ऑब्स घेतले तर त्यातल्या एका आजोबांचा न्यूज स्कोअर (तब्येत किती बिघडलीय ते सांगणारा आकडा, जास्त म्हणजे वाईट) ६ आला, मी १ लिहिला होता. आजोबा बरे होऊन घरी गेले, तसं कोणाला काही झालं नाही, पण केस एनएमसीकडे (नर्सेसचं रजिस्टर ठेवणारी तिथली कौन्सिल) गेली आणि सहा महिन्यांचं सस्पेन्शन मिळालं. आता रिव्ह्यू हिअरिंग (सस्पेन्शनच्या फेरविचाराची सुनावणी) जवळ आलंय. सध्या मी एका नर्सिंग होममध्ये एचसीए (हेल्थकेअर असिस्टंट, म्हणजे नर्सची मदतनीस) म्हणून काम करते, तिथल्या मॅनेजरना सस्पेन्शन माहीत आहे पण कशामुळे ते त्यांनी खोदून विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नवऱ्याने ११ कॅरेक्टर रेफरन्स लेटर्स जमवलीत, आमच्या मंडळाचे अध्यक्ष, मंदिराचे ट्रस्टी, दोन शेजारी, माझ्या नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्या, गावचे डॉक्टर, झेडपीत असलेले चुलत सासरे वगैरे. मसुदा नवऱ्यानेच केला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. त्यांना एवढंच सांगितलंय की गैरसमजातून रजिस्ट्रेशन अडकलंय. एवढी पत्रं पुरतील का? त्या रात्री माझ्याबरोबर ड्युटीवर असलेल्या मैत्रिणीकडूनही एक घेऊ का? तिने चौकशीत स्टेटमेंट दिलं होतं पण मनाने चांगली आहे. मी आरसीएनची (नर्सेसची युनियन) मेंबर नव्हते त्यामुळे वकील वगैरे नाहीये. झोप लागत नाही.

उत्तर:

अगं, आधी ती अकरा पत्रं एका फोल्डरमध्ये टाक आणि नवऱ्याला सांग की आता लॅपटॉप बंद कर. त्याने केलं ते प्रेमापोटीच केलं, त्याबद्दल त्याला काही बोलू नकोस, पण ही पत्रं आहेत तशी पाठवलीस तर मदत तर होणार नाहीच, उलट नुकसान होईल. का ते सांगते.

आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो आणि त्यात सगळ्यांच्याच ‘चांगली’ लिहिलेलं असतं, वर्गात दंगा करणाऱ्याच्याही आणि पहिल्या बाकावरच्याही, त्यामुळे तो रकाना कोणी वाचतच नाही. तुझी अकरा पत्रं म्हणजे अकरा वेळा ‘चांगली’. शी इज ए गॉड फिअरिंग लेडी, शी इज व्हेरी हार्डवर्किंग, आय हॅव नोन हर फॉर मेनी इयर्स, हेच असणार ना त्यात? हिअरिंग घेणाऱ्या पॅनेलवर तीन जण असतात, त्यात निदान एक जण तरी रजिस्टर्ड नर्स किंवा मिडवाईफ असते आणि निदान एक बाहेरची व्यक्ती असते जिचा नर्सिंगशी संबंध नसतो. हे लोक अशी पत्रं ढिगाने वाचतात. अकरापैकी सहा पत्रांत तोच पॅराग्राफ, तीच स्पेलिंगची चूक दिसली की त्यांना कळतं की लिहिणारा एकच आहे. आणि तुझी केस कशाची आहे बघ, न केलेलं केलं म्हणून कागदावर लिहिल्याची. त्या केसमध्ये दुसऱ्याने लिहून सह्या घेतलेले कागद तू पुढे करणार? नवऱ्याच्या लक्षात आलं नसेल, पण पॅनेलच्या येईल.

आता मुख्य गोष्ट. पत्र लिहिणाऱ्याला आरोप माहीत नसेल तर त्या पत्राला जवळपास वजनच नाही. एनएमसी ज्या पद्धतीने टेस्टिमोनियल (अशी शिफारसपत्रं) बघते त्यात पहिला प्रश्न हाच असतो, ह्या माणसाला नक्की काय झालं ते माहीत आहे का, आणि ते माहीत असूनही तो हे लिहितोय का. मंडळाच्या अध्यक्षांना वाटतंय गैरसमज झालाय. म्हणजे त्यांचं पत्र ज्या बाईबद्दल आहे ती गैरसमजात अडकलेली बाई आहे, तू नाहीस. वर तुलाच कोणी हिअरिंगमध्ये विचारलं की ह्या लोकांना तू काय सांगितलंस, तर काय उत्तर देणार? गैरसमज झाला असं सांगितलं म्हणालीस की विषय संपला, कारण पॅनेल त्यातून हाच अर्थ काढणार की अजूनही ही खरं सांगत नाहीये.

आणि त्यात एखाद्या पत्रात ‘तिच्यावर अन्याय झाला’, ‘तिला मुद्दाम अडकवलं’ असं असेल तर ते पहिलं बाहेर काढ. रिव्ह्यू पॅनेल मागच्या पॅनेलने काढलेले निष्कर्ष पुन्हा उकरत नाही, ते त्यांचं कामच नाही, अपील करायचं होतं तर निर्णयाच्या पत्रानंतर २८ दिवसांत हायकोर्टात करायचं होतं. आता त्यांच्यासमोर एकच प्रश्न आहे, आज तू सुरक्षितपणे नर्स म्हणून काम करू शकतेस का. ही व्यवस्था काही धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणत नाही हं, २०२४ साली एनएमसीनेच नेमलेल्या नाझीर अफझल यांच्या स्वतंत्र रिपोर्टमध्ये आतल्या वर्णद्वेषाबद्दल, दादागिरीबद्दल आणि वर्षानुवर्षं रखडणाऱ्या केसेसबद्दल बरंच कडक लिहिलेलं आहे, आणि बाहेरून आलेल्या आपल्या मुलींना काय काय सोसावं लागतं ते मी वॉर्डवर बघितलंय. पण ती लढाई तुझ्या रिव्ह्यूच्या दिवशी, तुझ्या शेजाऱ्यांच्या पत्रातून लढायची नसते.

मग काय करायचं. तुझ्या निकालाची प्रत काढ, लांबलचक आहे, कोणी पूर्ण वाचत नाही, पण शेवटच्या एक-दोन पानांवर बघ. तिथे बहुतेक वेळा असं लिहिलेलं असतं की पुढच्या पॅनेलला अमुक अमुक गोष्टींची मदत होईल, म्हणजे तुझं लेखी रिफ्लेक्शन (झालेल्या चुकीबद्दलचं आत्मपरीक्षण), ट्रेनिंग केल्याचे पुरावे, तू स्वतः हजर राहणं, आणि पगारी असो की बिनपगारी, सध्याच्या कामाच्या ठिकाणचं टेस्टिमोनियल. हा जवळजवळ फुटलेला पेपर आहे गं, आणि लोक तो न वाचता मंदिराच्या ट्रस्टींकडे जातात.

सध्याच्या कामाच्या ठिकाणचं. म्हणजे तुझ्या नर्सिंग होमची मॅनेजर. जिला तू सस्पेन्शनचं कारण अजून सांगितलेलं नाहीस. तेच एक पत्र आहे जे कामाचं आहे, आणि तेच मागायला तुझे पाय अडखळतायत, म्हणून मला वाटतं ही अकरा पत्रं जमवली गेली. जिथे काही सांगावं लागत नाही तिथून पत्र पटकन मिळतं.

विचार कर, तू तिथे एचसीए म्हणून काय करतेस. फ्लुइड चार्ट भरतेस, दर दोन तासांनी कूस बदलल्याचा चार्ट भरतेस, नाईटला तपासणीच्या फेऱ्या मारून सही करतेस. म्हणजे ज्या मोहाला त्या रात्री तू बळी पडलीस तोच मोह तुझ्यासमोर आजही रोज येतो, दोनचं राहिलं, पाच वाजलेत, कोण बघतंय, भरून टाकू. आणि तू भरत नाहीस. हे बघणारी व्यक्ती जगात कोण आहे? चुलत सासरे नाहीत. ती मॅनेजर आणि तुझ्याबरोबर शिफ्ट करणारी नर्स. त्यांनी लिहिलेल्या चार ओळी कशा असतात बघ, मी अंदाजाने सांगतेय: ‘मी तिच्यावरचे आरोप आणि निकाल वाचला आहे. ऑगस्टपासून ती माझ्या युनिटवर आहे. महिन्यातून दोनदा मी तिचे चार्ट तपासते. एकदा रात्री दहाची एंट्री राहिली होती, तिने ती १२.२० ला लेट एंट्री म्हणून, खरी वेळ आणि सही टाकून लिहिली आणि मला येऊन स्वतः सांगितलं.’ बास. हे एक पत्र तुझ्या अकरा पत्रांपेक्षा जड आहे, कारण ज्या कारणाने तुला घरी बसवलं त्याच गोष्टीबद्दल ते बोलतंय, आणि अलीकडचं बोलतंय.

आता तिला सांगायचं कसं. गोल गोल नको. तिची वेळ माग, हँडओव्हरच्या गडबडीत किंवा कॉरिडॉरमध्ये नको, आणि निकालाची प्रिंट बरोबर घेऊन जा. ‘मला सस्पेन्ड केलं ते यासाठी की मी तीन पेशंट्सचे ऑब्स न घेता आकडे लिहिले. त्यातल्या एका पेशंटची तब्येत बिघडत होती आणि माझ्या आकड्यांमुळे ते सकाळपर्यंत कोणाला कळलं नाही. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. माझं रिव्ह्यू आहे आणि तुम्ही माझ्या कामाबद्दल जे बघितलंय ते, चांगलं वाईट जे असेल ते, लिहून द्याल का?’ एवढंच. ‘स्टाफ कमी होता’ हे त्यात नको, तिने विचारलं तर सांग. तिला धक्का बसेल का? कदाचित बसेल. पण हे निकाल एनएमसीच्या वेबसाईटवर असतात आणि रजिस्टरवर तुझं नाव शोधलं की सस्पेन्शन दिसतंच, तिने कामावर घेताना बघितलं नसेल असं मला तरी वाटत नाही. कदाचित तू कधी बोलतेस याचीच ती वाट बघत असेल. आणि समजा नाही म्हणाली, तर नाही म्हणाली, मग बरोबरच्या नर्सला विचार, पण तिलाही आधी सगळं सांगून.

पत्राचा मसुदा तू द्यायचा नाहीस. काय काय असावं ते सांगितलंस तर चालतं: त्या कोण, पद काय, नर्स असतील तर पिन (रजिस्ट्रेशन नंबर), तुला कधीपासून आणि कशा नात्याने ओळखतात, आरोप वाचलेत हे स्पष्ट वाक्य, स्वतः बघितलेली एक-दोन उदाहरणं, तारीख, सही, आणि एनएमसीने फोन केला तर बोलायला तयार आहेत का. होमच्या लेटरहेडवर किंवा निदान ऑफिसच्या ईमेलवरून. एनएमसी खरंच फोन करू शकते, त्यामुळे जे माणूस फोनवर बोलू शकणार नाही ते त्याच्या पत्रात नको. आणि पत्रात कुठेही पेशंटचं नाव, रूम नंबर येऊ देऊ नकोस.

त्या मैत्रिणीचं विचारलंयस. नको. अजिबात नको, मेसेजसुद्धा नको. ती तुझ्या केसमध्ये साक्षीदार होती, आता रिव्ह्यूच्या तोंडावर तिच्याकडे तू पत्र मागितलंस तर ती मनाने कितीही चांगली असली तरी बाहेरून ते साक्षीदारावर दबाव टाकल्यासारखं दिसतं, आणि तिलाही अडचणीत टाकशील. केस पूर्ण मिटल्यावर चहाला भेटा खुशाल.

अकरातली सगळीच फेकायची का? नाही. प्राचार्याबाईंचं ठेवता येईल, पण त्यांना फोन करून खरं सांग, आणि मग त्यांना वाटलं तर त्यांच्या शब्दांत नवीन लिहू देत. शिकत असताना तू कशी होतीस याला थोडंफार वजन आहे, फार नाही, कारण ते जुनं आहे. मंडळाच्या अध्यक्षांचं तू तिथे काही हिशोब, नोंदी असं जबाबदारीचं काम करत असशील तरच, तेही त्यांना सांगून. बाकीच्यांचे आभार मान आणि विषय संपव. तीन पत्रं पुरतात. दोनही पुरतात.

आता एक गोष्ट जी तुला आवडणार नाही. तू लिहिलंयस ‘कोणाला काही झालं नाही’. आजोबा घरी गेले यात तुझं काहीच कर्तृत्व नाहीये गं, डे स्टाफने वेळेत ऑब्स घेतले म्हणून ते घरी गेले. न्यूज २ मध्ये (त्याच स्कोअरची सध्याची आवृत्ती) एकूण ५ किंवा जास्त झालं की तातडीने डॉक्टरने बघायचं असतं, ७ झालं की इमर्जन्सी, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ६ म्हणजे ती ओळ ओलांडलेली होती आणि ती कधी ओलांडली ते आता कोणालाच कळणार नाही, कारण दोन वाजताच्या रकान्यात तुझे आकडे आहेत. रेस्पिरेशन (मिनिटाला श्वास) १६ लिहिलं असशील ना? सगळ्या जगात न मोजलेलं रेस्पिरेशन १६ च असतं. हे पॅनेलवरच्या नर्सलाही माहीत असतं.

म्हणून रिफ्लेक्शनवर तुझा खरा वेळ जाऊ दे. एनएमसीच्या कोडमधलं (नर्सेसच्या आचारसंहितेतलं) कलम १० नोंदींबद्दल आहे, त्यातल्या १०.३ मध्ये नोंदी अचूक आणि कुठलाही खोटेपणा न करता ठेवायच्या असं सरळ लिहिलंय. ते कॉपी करून चिकटवू नकोस, सगळे तेच करतात. त्या आजोबांच्या मुलीने चार्ट बघितला असता तर तिला काय वाटलं असतं, दुसऱ्या शिफ्टने तुझ्या आकड्यांवर भरवसा ठेवून काय ठरवलं असतं, दोन वाजता तू नर्स-इन-चार्जला ‘मला झेपत नाहीये, तीन ऑब्स राहिलेत’ असं का नाही म्हणालीस, हे लिही. मला वाटतं उत्तर तिथेच आहे, आपल्याला मदत मागितली की आपण कमी पडलो असं वाटतं, आणि चार्टमध्ये रिकामा रकाना राहिला तर कोणीतरी ओरडेल ही भीती शाळेपासूनची. पण हे तुझं तू शोध, माझं वाक्य उचलू नकोस. पुन्हा तशी रात्र आली तर नक्की काय करशील ते शेवटी येऊ दे, रकाना रिकामा ठेवेन, कारण लिहीन, वर कळवेन, असं ठोस. कारण कामातली चूक ट्रेनिंगने सुधारते असं पॅनेल सहज मान्य करतं, अप्रामाणिकपणा सुधारला हे पटवणं अवघड असतं, ते फक्त तुझ्या वागण्यातून दिसतं. आणि पटवायची जबाबदारी रिव्ह्यूला व्यवहारात तुझ्यावरच असते, २००८ च्या अब्राहेम या डॉक्टरांच्या केसमध्ये कोर्टाने हे म्हटलेलं आहे, तेव्हापासून तेच चालत आलंय. पॅनेल सस्पेन्शन संपू देऊ शकतं, कंडिशन्स घालून काम करायला परवानगी देऊ शकतं, सस्पेन्शन वाढवू शकतं आणि हो, स्ट्राईक ऑफसुद्धा (रजिस्टरवरून नाव काढून टाकणं) करू शकतं. घाबरवत नाहीये, पण अकरा पत्रांच्या भरवशावर जाऊ नकोस.

कंडिशन्स मिळाल्या तर रडू नकोस, सुपरव्हिजनखाली का होईना पिन वापरायला मिळतो, बऱ्याच जणी त्याच रस्त्याने परत येतात. मॅनेजरशी बोलशील तेव्हा हेही विचारून ठेव की तशा अटींवर ते तुला नर्स म्हणून घेतील का, आणि हो म्हणाली तर तेही पत्रात येऊ दे.

बाकी किरकोळ. रिव्हॅलिडेशनची (रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाची) तारीख बघून ठेव, तीन वर्षांत ४५० तास लागतात आणि एचसीएचे तास त्यात धरत नाहीत. कागद पाठवायची तारीख एनएमसीच्या पत्रात असते, त्याच्या आधीच पाठव, हिअरिंगच्या आदल्या रात्री बारा वाजता ईमेल करणाऱ्यांतली होऊ नकोस. आरसीएन जुन्या घटनेसाठी आता घेणार नाही, पण स्वतःची बाजू स्वतः मांडणारे खूप असतात, आणि पॅनेलबरोबर एक लीगल असेसर (कायद्याबाबत सल्ला देणारा) असतो, पुढे काय होणार ते तो समजावून सांगतो. झोपेचं जीपीला (फॅमिली डॉक्टरला) सांग, आणि केस चालू असलेल्यांसाठी एनएमसीची केअरलाईन (फोनवर आधार देणारी सेवा) आहे, ती स्वतंत्र संस्था चालवते, तू जे बोलशील ते केस ऑफिसरकडे जात नाही. रात्री फारच वाईट विचार यायला लागले तर ११६ १२३ वर समॅरिटन्सची हेल्पलाइन, फुकट आणि चोवीस तास. लाजू नकोस त्यात.

आणि हजर राहा. हिअरिंग बहुतेक ऑनलाइन असतं, कागद पाठवून गैरहजर राहायचा पर्याय असतो आणि तो मोहात पाडतो, पण तुझ्या केसमध्ये त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. नवऱ्याला शेजारी बसवू नकोस, मध्ये मध्ये खुणा करतील. पाण्याचा ग्लास घे, कॅमेरा चालू ठेव, आणि ‘ते आकडे कुठून आले’ असं विचारलं तर ‘मी मनाने लिहिले’ एवढंच सांगून थांब, पुढचा प्रश्न त्यांना विचारू दे.